वारंगा फाट्यावरच्या भोंगेवाल्या मावशी

मंगळवारी सकाळी मावशी वारल्या. त्यांच्या जावयाचा फोन आला तेव्हा मी तालमीला निघाले होते. तालमीला गेले नाही.

वारंगा फाट्यावर मावशींचं भोंगे आणि माईक भाड्याने देण्याचं दुकान होतं. गंमत अशी, की त्यांना स्वतःला भोंगा कधी लागला नाही. त्या दुकानातून बोलत आणि हायवेच्या पलीकडचा चहावाला उत्तर देई. कीर्तनकार, शाहीर, ऑर्केस्ट्रावाले, नाटकमंडळी, आसपासचे बहुतेक कार्यक्रम त्यांच्याच वायरीवर चालायचे.

मी मराठीत एम. ए. झाले होते आणि मला नाटकात काम करायचं होतं. त्या जगात ओळखीचं कोणी नव्हतं, आणि अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. वडिलांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर हिंगोलीच्या मोंढा बाजारात, काकांच्या हळदीच्या आडतीच्या दुकानात बसायचं. म्हणून मी मावशींकडे गेले, एका नाटक कंपनीच्या मालकाचा नंबर मागायला.

"नंबर देते की," त्या म्हणाल्या. "पण त्यानं फोन उचलल्यावर सांगशील काय? मी अमकी? अशा अमक्या त्याला रोज फोन करून राहिल्या. त्यापेक्षा उद्या औंढ्याला चल. माईक तपासायला माणूस पायजे."

औंढ्याच्या मैदानात मी माईकसमोर उभी राहून हॅलो, हॅलो म्हणू लागले. मावशी ॲम्प्लिफायरपासून ओरडल्या, "हॅलो काहून करून राहिलीस? तिकडून कोन बोलनार हाय? नाटकातलं बोल!" समोर रिकाम्या खुर्च्या. मी स्वतः लिहिलेलं एक स्वगत सुरू केलं. भोंग्यांतून माझाच आवाज मैदानभर फिरत होता. मागे फेटा बांधणारे शाहीर फेट्याचं टोक हातात धरून तसेच थांबले. कार्यक्रमाआधी कलाकार रिकामे बसलेले असतात आणि कानावर पडेल ते ऐकतात, हे मावशींनी बरोबर हेरलं होतं. तेव्हापासून गावोगावी माईक मीच तपासला.

मावशींची दुसरी शिस्त चहाची. कार्यक्रमांवरून परतणाऱ्या मंडळींच्या गाड्या फाट्यावर चहाला थांबत. तिथे त्या मला मालकाशेजारी नाही, वाजवणाऱ्यांच्या बाकावर बसवत. "मालकापुढं समदेच हात जोडतात. तू काम मागू नको. काय आवडलं ते सांग. खोटं बोलू नको, त्याईला बराबर कळतंय."

पहिल्याच वेळी मी घाबरून एका ढोलकीवाल्याच्या हातात माझा छापील परिचय दिला. त्याने तो नीट वाचला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या बाकाच्या पायाखाली सारला.

"लागली बघा पोरगी कामाला!" मावशी इतक्या हसल्या की मलाही हसू आवरेना. भीड मोडली. मग मी त्याला त्या दिवशी त्याने वाजवलेल्या एका तुकड्याबद्दल विचारलं, तर चहा थंड होईपर्यंत तो बोलत राहिला.

दिवाळी तोंडावर आली. काकांनी आडतीत माझी खुर्चीसुद्धा मांडली. आणि एका दुपारी फोन वाजला. ज्यांचा नंबर मागायला मी गेले होते, तेच नाटक कंपनीचे मालक होते.

"आमच्या एक बाई बाळंतपणाला चालल्या. आमचा ढोलकीवाला तुमचंच नाव घेऊन बसलाय. म्हणतो, माईक तपासणारी पोरगी बोलवा, न्हाईतर दुसरा ढोलकीवाला बघा. येताय ना?"

मी मिळेल त्या एसटीने फाटा गाठला. मावशी दारातच होत्या. "काय झालं पोरी? रडून राहिलीस का हसून?" धाप लागलेल्या आवाजात कसंबसं सांगितलं. त्या तशाच हायवेकडे वळल्या. "अयऽ, चहा टाक रं समद्याईला! पोरगी नाटकात गेली!"

"कुनाची पोरगी, मावशी?" पलीकडून एका ट्रकवाल्याने विचारलं.

"माझीच हाय म्हन!"

पहिल्या प्रयोगाला मी त्यांच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवली होती. त्या बसल्या नाहीत. "तुझा आवाज माझ्या हाताखाली असू दे," म्हणाल्या आणि शेवटपर्यंत ॲम्प्लिफायरपाशी उभ्या राहिल्या.

दुकान आता जावई चालवतो. मला नाटकाची कामं मिळतात, आणि ती देणारी बहुतेक माणसं मावशींमुळे ओळखीची झालेली आहेत.