लिहून दे, मग जाईन

ढोबळेबाईंना वर्गात तोंडी सांगितलेलं कळत नसे. म्हणजे कळायचं सगळं, पण त्या कळू द्यायच्या नाहीत. "बोललेलं मले समजत नाही, लिहून दे," म्हणायच्या, आणि मूल जे लिहील ते अक्षरशः करायच्या. सरहद्दीपलीकडून नागपुरात आलेल्या सिंधी मुलांना त्या मराठी लिहायला शिकवत. एकानं चहाची कृती लिहिली, त्यात पाणीच राहिलं. बाईंनी कोरडी साखर-पत्ती गॅसवर चढवली. धूर निघाला तेव्हा मी टाळ्या वाजवत होतो. पातेलं माझं आहे हे नंतर लक्षात आलं.

शेजारच्या वर्गावरचा मास्तर मी. माझी हुशारी एवढ्यावर थांबली नाही. बाईंच्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या रेश्माला पाचवीत घ्यायचं की पुन्हा पहिलीत बसवायचं, हे तिच्या एका परिच्छेदावर ठरणार होतं. विषय मी दिला, सोपा म्हणून: माझे गाव.

रेश्मानं पेन खाली ठेवलं. तिचे वडील दारात उभे होते. व्हिसाची कागदपत्रं अडकलेली, म्हणून गावाचा विषय कुठंही काढायचा नाही, अशी त्यांची घरात सक्त ताकीद होती.

"विषय बदलायचा नाही," मुख्याध्यापक घड्याळ बघत म्हणाले.

मी मदतीला धावलो. "घरच्या गाईबद्दल लिही."

गाय विकूनच ते निघाले होते. रेश्मानं पेन आणखी लांब सरकवलं.

"सर, तुमी काहून बोलून राहिले?" बाई पुटपुटल्या. "बसा गा." मग रेश्माजवळ वाकल्या. "मले तुया घरी जाचं आहे. गावाचं नाव नको सांगू. फक्त रस्ता लिहून दे वं."

रेश्मानं वडिलांकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते. तिनं घाबरत तीन ओळी लिहिल्या. बाई कागद घेऊन थेट मैदानात उतरल्या. आम्ही सगळे मागे.

"बसमधून उतरा. बाभळीपाशी डावीकडे वळा. विहीर येईल." बाई मोठ्यानं वाचत वळल्या. समोर शाळेची भिंत. त्या भिंतीला नाक लावून उभ्या राहिल्या.

"वेळ संपत आला," मुख्याध्यापक म्हणाले.

"बाएँ नहीं," मागून आवाज आला. रेश्माचे वडील. "कुआँ दाहिने हाथ को था."

बाईंनी मान वळवली नाही. "बोललेलं मले समजत नाही, भाऊ."

ते खिसा चाचपत पुढे आले. मग त्यांनी रेश्माच्या हातात पेन दिलं. "लिख, बेटा. और लिखना, दरवाज़ा नीचा है. मॅडम सिर झुका के आएँ."

रेश्मानं कागद भिंतीला टेकवून लिहिलं. बाईंनी वाचलं, उजवीकडे वळल्या, आणि मोकळ्या मैदानात डोकं वाकवून आत गेल्या. त्यांच्यामागे मुख्याध्यापकही वाकले.

मी ताठ चालत गेलो. रेश्मा पाचवीत बसली, आणि बाई निवृत्त होईपर्यंत मला विचारत राहिल्या, "सर, डोक्याले लागलं नाही ना?"