टेट लॉक्रिज मार खातो तेव्हा

व्हर्लन प्रुइटच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी होती आणि डाव्या गुडघ्यात धातू होता. तारुण्यात तो अमेरिकन फुटबॉलमधला राखणदार होता, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चालून येणारी धूडं आपल्या अंगावर घ्यायची. साठी उलटल्यावर तो उत्तरेकडच्या एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजातले क्वार्टरबॅक पारखत हिंडे. गेल्या वर्षी त्याने एका गोड स्वभावाच्या पोराची शिफारस केली. पोरगा दोन वेळा आपटला आणि तिसऱ्यांदा कोणी अंगावर यायच्या आतच चेंडू टाकून पळाला. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं आणि पोट धरून हसून घेतलं.

तेव्हा त्याचा साहेब कॉस्टिगन फोनवर म्हणाला होता, "लांब फेकणारे पैशाला पासरी मिळतात, व्हर्लन. मला एकच सांगायचं. मार खाल्ल्यावर पोरगा काय करतो? यंदा चुकलास तर घरी बसून माशा मार."

म्हणून तो मिसिसिपीतल्या या कॉलेजगावात टेट लॉक्रिजला बघायला आला. सामन्याच्या सकाळी तो आधी मिस अर्लीनच्या खानावळीत गेला. लग्न झालेल्या बाईलाही इकडे आदराने मिसच म्हणत. प्रशिक्षक काय, प्रत्येक पोराला देवदूतच म्हणणार. खरी माहिती भट्टीवर डुकराच्या फासळ्या भाजणारीकडे असते.

"टेट ना? दिसायला राजबिंडा, आणि माज डोंगराएवढा," मिस अर्लीन म्हणाली. "क्वार्टरबॅकने दर गुरुवारी आपल्या राखणदारांना जेवू घालायचं, ही इथली रीत. माझ्या नवऱ्याच्या वेळेपासून चालत आलीय. या गुरुवारी पाचही जण ताटं पुढे घेऊन बसले होते. हा आलाच नाही. वर टीव्हीवर काय म्हणाला, माहितेय? गेला सामना राखणदारांमुळे हरलो!"

"मग पोरं काय म्हणाली?"

"हॉइट विम्बर्ली उठला, ताट तसंच ठेवून गेला. फासळ्या टाकून जाणारा नाही हो तो पोरगा."

हॉइट डावीकडचा राखणदार होता. उजव्या हाताने चेंडू फेकताना क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, तिकडून येणारा त्याला दिसत नाही. ती पाठ हॉइटच्या हातात होती.

दुपारी ऊन असं होतं की पत्र्याच्या बाकांवर हात ठेववत नव्हता. दुसऱ्या सत्रात टेटने फेकायला हात मागे नेला आणि हॉइटने समोरच्या धुडाला नुसता खांदा लावून वाट करून दिली. ज्याने वर्षानुवर्षं तेच काम केलं त्याला खरी चूक आणि उघडलेलं दार यांतला फरक कळतो. धूड टेटच्या बरगड्यांत घुसलं. शिरस्त्राण उडालं, तोंड मातीत रुतलं. टेट उठला तेव्हा ओठ फाटून रक्त हनुवटीवरून गळत होतं. त्याने एक दात थुंकला, हॉइटकडे पाहिलं आणि हसला.

"हा पळणारा नाही," व्हर्लन स्वतःशी म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. नोकरी वाचली होती.

पुढच्याच डावात त्याचा आनंद मावळला. उजवीकडे चेंडू झेलणारा टेटचा गडी मोकळा उभा राहून हात हलवत होता. दिवसभर झटक्यात फेकणारा टेट या वेळी फेकेना. तो मागे सरकला, मग डावीकडे, थेट हॉइटच्या पाठीमागे. त्याची नजर गड्यावर नव्हती, हॉइटच्या रोवलेल्या पायावर होती. हॉइट या खेपेला जीव तोडून लढत होता. दुसऱ्या बाजूने एक धूड टेटवर झेपावलं. टेट ते अगदी जवळ येईपर्यंत थांबला आणि अंग चोरून बाजूला झाला. धूड सगळ्या वजनानिशी हॉइटच्या गुडघ्यावर मागून कोसळलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज वरच्या रांगेपर्यंत आला. पाय गुडघ्यातून भलतीकडेच वळला होता. हॉइट गुरासारखा हंबरत होता.

टेट त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला, त्याचा हात हातात घेतला, कानाशी काही बोलला. हजारो लोक उभे राहिले. बाया रडल्या. शेजारचा म्हातारा गहिवरून म्हणाला, "याला म्हणतात नेता!" व्हर्लनला त्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

सामना संपल्यावर तो उपचारखोलीत गेला. हॉइट फळीला पाय बांधून पडला होता, चेहरा पांढराफटक.

"मी तुझ्याच जागी खेळायचो, पोरा. सगळं बघितलंय," व्हर्लन म्हणाला. "कानात काय म्हणाला तो?"

हॉइटने नजर छताकडे वळवली. "म्हणाला, येत्या गुरुवारी जेवायला नक्की येतो."

"प्रशिक्षकाला सांग."

"काय सांगू, मिस्टर प्रुइट? दार आधी मीच उघडलं होतं. पण मी त्याला एक दणका द्यायला उघडलं हो. त्याने माझा पायच नेला." मग तो लहान पोरासारखा रडू लागला. "डॉक्टर म्हणतात, आता खेळ विसर."

व्हर्लन गाडीत येऊन बसला. खोटं बोललं तर नोकरी पक्की होती. पण मघाचा तो आवाज कानांतून जाईना. त्याने फोन लावला.

"बोल. मार खाल्ल्यावर काय करतो?" कॉस्टिगनने विचारलं.

"वाट बघतो. आणि मारणाऱ्याला कायमचा आडवा करतो. आपल्याच राखणदाराचा पाय मोडला त्याने, साहेब, ठरवून. माझं ऐका, हा विषारी आहे. घेऊ नका."



"पंचांना कळलं?"

"नाही."

"टीव्हीवर?"

"टीव्हीवर त्याची आरती चाललीय."

"म्हणजे तोंडातून रक्त गळत असताना, चहूबाजूंनी माणसं अंगावर येत असताना, कोण कुठे पडेल हे याला आधी दिसतं. आणि डोकं थंड." कॉस्टिगनचा आवाज हळूहळू खुलत गेला. "अरे, असा पोरगा मी वीस वर्षं शोधतोय! शाब्बास, व्हर्लन. घेतला."

"साहेब, त्याच्यापुढे उभं कोण राहणार?"

"तेच म्हणतोय. आता डावीकडचा राखणदार लागेल. तू त्याच जागी खेळलायस, तूच शोध. गरीब घरचा बघ, निमूट उभा राहणारा."