नखं सोडवणाऱ्या अक्का

चिकटवलेली नखं ओढून काढणं हे अक्कांच्या पार्लरमध्ये पाप होतं. एकदा एका मुलीनं खुर्चीत बसल्या बसल्या अंगठ्याचं सैल झालेलं नख दातानं उपटलं. अक्कांनी तिला सरळ उठवलं आणि बाहेरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. "जा, आता त्या दातालाच सांग बाकीची नऊ काढायला." पोरगी रडकुंडीला आली, तेव्हा कुठं तिला परत आत घेतलं. मी तेव्हा त्यांच्याकडं नवीन होते. मला वाटलं, या बाईचं डोकं फिरलंय.

नळदुर्गात हायवेच्या अलीकडं, टायरच्या दुकानाला लागून त्यांचं एका खोलीचं पार्लर होतं. टायरचं दुकान त्यांच्या नवऱ्याचं. ते वारल्यावर अक्कांनी ते दुसऱ्याला चालवायला दिलं, शेजारच्या खोलीत आरसा लावला आणि चाळिशी उलटल्यावर सोलापूरला जाऊन नखांचं काम शिकल्या. मूलबाळ नव्हतं. माहेर भूम तालुक्यातलं, ईटचं. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होते. माझं तोंड पहिल्यापासून तिखट, त्यापायी दोन जागी टिकले नव्हते. अक्कांना ते चालायचं. म्हणायच्या, "तोंडाळ पोरगी बरी. मनात तर काय ठेवत न्हाय."

आमच्याकडं नखं लावून घ्यायच्या त्या मुख्यतः नवऱ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी खडे लावलेली लांबलचक नखं लावायची आणि सासरी तिसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ मळायला बसायचं. मग व्हायचं ते व्हायचंच. जळकोटात दिलेल्या एका मुलीच्या सासऱ्यांना भाकरीत गुलाबी नख सापडलं. सासूनं सुनेची उरलेली नखं अडकित्त्यानं उचकटली. पाचपरतवणाला माहेरी आली ती पोरगी बोटांना हळदीच्या चिंध्या बांधून आईबरोबर थेट आमच्याकडं. खालचं खरं नख पार सोललं होतं, पापुद्र्याएवढं उरलं होतं. आणि आई म्हणते कशी, त्याच्यावरच दुसरी लावा, पुढच्या आठवड्यात नणंदेचं लग्न आहे! "वावरातलं तण उपटावं तसं उपटलंय की वो," अक्का म्हणाल्या. "आता खोबरेल लावा, दोन म्हैने हिला भांड्याच्या साबणात हात घालू देऊ नका, आन नख वाढंस्तवर वर काय बी चिकटवू नका. लग्नात कुणी हात बघिटला तर सांगा, सासूनं सोललाय." आई मुलीला घेऊन उठली. तीन महिन्यांनी तीच मुलगी नुसती नखं दाखवायला आली होती.

त्यांचं काढणं बघण्यासारखं होतं, आणि कंटाळवाणंही. आधी वरची लांबी कापायच्या. मग कानशीसारख्या खरखरीत पट्टीनं वरची चकाकी घासायच्या, पण खऱ्या नखाला पट्टी लागू द्यायच्या नाहीत. बोटाच्या कडेला व्हॅसलीन. मग ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नखावर ठेवून वर चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद. खिडकी उघडी, आणि चहाचा गॅस बंद, कारण ॲसिटोन भसकन पेटतं. वीस मिनिटं झाली की लाकडी काडीनं हलकं लोटून बघायच्या. सुटलं नाही तर परत बोळा, परत कागद, परत वीस मिनिटं. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "अक्का, गाडी सुटायली माझी." अक्का मान वर न करता म्हणायच्या, "सुटू दे. गाडी तासाभरानं दुसरी येतीय. नख सा म्हैन्यानं येतंय."

आणि सारखं विचारायच्या, "दुखतंय का? झोंबतंय का? दुखलं तर तोंडानं बोलायचं, लाजायचं न्हाय. माझ्या हातापरीस तुझ्या बोटाला जास्ती कळतंय." दर नखाला हेच. एखादी लाजाळू पोरगी नुसती मान हलवायची, तर त्या थांबायच्या आणि तिच्याकडून शब्दात वदवून घ्यायच्या. मी वैतागायचे.

शेवटच्या वर्षी त्यांच्या हातातून पिना पडायला लागल्या. भुवया करताना दोरा निसटायचा. बोटांची टोकं लाल होऊन चिरली होती. मी बळंच सोलापूरच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, नखं चिकटवायची ती पावडर आणि ते पातळ औषध अंगाला सोसेना झालंय, म्हणून कातडं चिरतंय आणि बोटांची जाणीव चाललीय. हे काम बंद करा. दुसऱ्या दिवशी अक्का हातमोजे घालून कामाला बसल्या. "मला कळंना म्हणून काय झालं? गिऱ्हाइकाला कळतंय की. ते सांगंल तसं करायचं." नवरा गेला, लेकरू झालं नाही. त्या खुर्चीशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं. ते मला माहीत होतं, म्हणून मीही विषय काढला नाही.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं. हौसेनं मी नखं लावली. आठ दिवसांनी अक्का म्हणाल्या, "बस सुजे, काढून देते." खुर्चीत बसले. डाव्या हाताची नीट सुटली. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला त्या पट्टी घासत होत्या आणि मला चटका बसला. पट्टी खऱ्या नखावर आली होती. अक्कांनी विचारलं, "दुखतंय का?" मी म्हणाले, "न्हाय."

का म्हणाले, ते मला तेव्हाही स्वच्छ माहीत होतं. दुखतंय म्हणाले असते तर त्यांना कळलं असतं की आपला हात चुकला, आणि मग त्या परत पट्टी धरणार नाहीत. एवढ्या तेवढ्या दुखण्यानं मी काही मरत नव्हते. त्यांनी परत विचारलं, मी परत नाही म्हणाले. तिसऱ्यांदाही. दात आवळून बसले होते. मग पांढऱ्या हातमोज्यावर रक्ताचा ठिपका आला.

अक्कांनी पट्टी ठेवली. चष्मा पुसून बोट डोळ्यांपाशी नेलं.

"कवापासून दुखतंय?"

"मघापासून."

"मग गप का बसलीस?"

मी बोट मागं ओढलं, त्यांनी सोडलं नाही.

"माझी बोटं मेलीत, ते मला ठावं हाय," अक्का म्हणाल्या. "तुझी जीभ बी मेली व्हय गं? तू खोटं बोलल्यावर म्या कुणाच्या भरवशावर बसू हितं?"

ओरडल्या नाहीत. बोट स्वच्छ पाण्यानं धुतलं, औषध लावलं, स्वच्छ चिंधी बांधली. ओलं ठेवू नकोस, पू धरला तर घरी चोळामोळा करत बसू नको, दवाखाना गाठ, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं. राहिलेली नखं मला घरी सावकाश भिजवून काढायला लावली. मग शटर ओढलं. पंधरा दिवसांत सामान बांधून त्या ईटला भावाकडं गेल्या. किल्ली माझ्याकडं दिली. एसटीत बसताना मी पिशवी वर ठेवली, त्या "बरं" म्हणाल्या, गाडी गेली. मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं एवढं कळत होतं, पण आत काही हललंच नाही. घरी येऊन जेवले आणि झोपले.

मग मीच पार्लर उघडलं. नवऱ्या येत राहिल्या, मी कापूस भिजवत राहिले. कुणी विचारलं, अक्का कुठायत, की माहेरी गेल्यात म्हणायचे. फोन मी केला नाही, त्यांचाही आला नाही. लोक म्हणायचे, सुजाता आता फार बोलत नाही. खरंच बोलत नव्हते.

पाच महिन्यांनी किल्ली द्यायचं निमित्त काढून ईटला गेले. धाराशिवला गाडी बदलली आणि उरलेला सगळा रस्ता, काय बोलायचं ते जुळवत होते. काही जुळलं नाही. अक्का भावाच्या ओसरीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. माझा उजवा हात ओढून घेतला आणि मधलं बोट उजेडाकडं फिरवून बघितलं.

"नख बरं आलंय," म्हणाल्या.

"व्हय."

मी किल्ली पुढं केली. "ठेव तुझ्यापाशी," म्हणाल्या. चूक झाली म्हणायचं होतं, ते माझ्या तोंडून निघेना. भावजयीनं दोन स्टीलच्या ग्लासांत चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. मी ग्लास ओढणीत धरला. अक्कांनी आपला उघड्या हातानं गच्च धरून उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तिथंच थांबल्या. आतल्या दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं,

"सुजे, गरम हाय का गं?"

"लई गरम हाय, अक्का. खाली ठेवा."

त्यांनी लगेच ग्लास खाली ठेवला. चहा निवेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.