एका जागेचे दोन मिस्त्री

भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लालबर्रा गावच्या कचेरीत होतो. बालाघाटला त्यांच्या घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली, आणि भाऊजींचा मिलमधला जोडीदार रामदास भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडत होता. आधी त्याला सावरावं की माझ्या ताईला, हेच मला कळेना.

भाऊजी आणि रामदास एकाच राइस मिलमध्ये मशीन सांभाळणारे मिस्त्री. सन ऐंशीच्या पुढेमागे धान फारसं पिकलं नाही, तांदळाचा बाजार पडला, बरेच हमाल घरी बसले. एके दिवशी शेठने या दोघांनाही बोलावलं. "एक ही मिस्त्री रखूँगा. तुम दोनों तय कर लो." भाऊजी जुने, जागा त्यांचीच, असं मी धरून चाललो होतो. पण या भल्या माणसाने ठरवलं काय, तर एक आठवडा स्वतः जायचं, एक आठवडा रामदासने, पगार अर्धा अर्धा.

मी सरकारी नोकर, पहिल्या तारखेला पगार न चुकणारा. लगेच शहाणपण शिकवायला गेलो. "साळेबुवा, तुम्ही चहा घ्या," एवढंच ते म्हणाले. ताई मात्र भडकली होती. "दोन घरं अर्धपोटी ठेवता काहून? एक तरी नीट चालू द्या."

"हौ," भाऊजी शांतपणे म्हणाले, "कोणतं, ते तू सांग. उद्या शेठले तसंच सांगतो."

रामदासच्या बायकोचं बाळंतपण ताईनेच केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून घरात तांदळाऐवजी कण्या शिजू लागल्या, आणि भाऊजी त्यांचीही तोंडभर तारीफ करत जेवायचे. फार गोड माणूस होता तो. मला त्यांची रोज आठवण येते.

पुढे बाजार सुधारला, पण शेठने दुसरी जागा काही दिली नाही. दोघं शेवटपर्यंत तशीच अदलाबदल करत राहिले. दर शनिवारी संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात बसून, चहा पीत, एक जण दुसऱ्याला मशीनची खबर द्यायचा.

तेरावं झाल्यावरच्या शनिवारी रामदास आला. नेहमीच्या जागी बसला. मग म्हणाला, "वैनी, शेठ म्हणते आता तूच रोज ये. पन सोमवारपासून दादाचा आठवडा हाये. मी कसा जाऊ?"

ताईने डोळे पुसले. "जा भाऊ. ती जागा आता तुमची. फक्त शनिवारी येत जा, मिलचं सांगत जा."

तो येतो. मिलची पायरी कधी न चढलेली ताई सगळं मन लावून ऐकते. परवा तिनेच विचारलं, "मशीनचा तो ढिला पट्टा बदलला का, भाऊ?"