विटांवर उभी केलेली मोटार

पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात हे इंजिनिअर होते आणि आम्ही चिंचवडला एका शेतकरी कुटुंबाच्या घरात भाड्यानं राहत होतो. ह्यांनी हौसेनं जुनी मोटार घेतली होती, पण विम्याचे पैसे भरायची वेळ आली की त्यांच्या जीवावर यायचं. एका वर्षी एजंटानं तोड सुचवली. पावसाळ्यात गाडी बंद ठेवायची, विम्याचा कागद त्याच्याकडे जमा करायचा, म्हणजे तेवढ्या महिन्यांचे पैसे परत मिळतील. ह्यांना ते लगेच पटलं. मोटार घरमालकांच्या गोठ्याशेजारी विटांवर चढली आणि हे सायकलनं कामावर जाऊ लागले.

श्रावणात एकदा दुपारी, ह्यांची सुट्टी असताना, घरमालक दारात येऊन उभे राहिले. त्यांची सून सकाळपासून अडली होती.

"साहेब, सुईण म्हणती पुण्याला न्या, न्हाईतर दोघंबी हाती लागायची न्हाईत. आगगाडी आत्ताच गेली. तुमची मोटार हाय."

हे माझ्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "गाडीला आज विमा नाही. रस्त्यात कुणाला लागलं तर मी काय करू?"

घरमालकांना विमा कळला नसावा. ते तसेच उभे राहिले. आतून त्या पोरीचा आवाज येत होता, आणि मध्येच तो थांबला.

"विटा काढा," हे म्हणाले.

घरमालकांच्या मुलांनी मोटार उचलून धरली, विटा काढल्या, ढकलत सडकेपर्यंत आणली तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं. सूनबाईचं डोकं मांडीवर घेऊन मी मागं बसले, शेजारी सुईण. पुढं घरमालक. रस्ता ओला होता. हे इतके सावकाश चालवत होते की एक टांगा आमच्या पुढं निघून गेला. "अहो, जरा लवकर," मी म्हणाले. त्यांची मान घामानं भिजली होती.

दापोडीचा पूल ओलांडून खडकीला आलो आणि कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटली होती. दोन्ही बाजूंनी सायकली, सडकभर सायकली. हे हॉर्न वाजवत पुढं सरकत होते. तेवढ्यात एकाची सायकल घसरली, मडगार्डला धडकली, आणि तो माणूस दिसेनासा झाला.

ह्यांनी गाडी थांबवली, पण त्यांना दार उघडता येईना. लोक जमले. एका पोलिसानं वाकून कागद मागितले.

"विमा नाही," हे म्हणाले. "चूक माझी आहे. काय लिहायचं ते लिहा, पण आधी हिला पोचवू द्या."

तेव्हा तो सायकलवाला चाकाजवळून उठला. कोपर सोललं होतं, पाय शाबूत होते. त्यानं मागच्या खिडकीतून आत पाहिलं आणि गर्दीला म्हणाला, "सरका राव, वाट द्या." पोलीस मात्र पुढच्या सीटवर घरमालकांना खेटून बसला आणि दवाखान्यापर्यंत आला.

दिवेलागणीला मुलगी झाली. आईही वाचली. घरमालक पायरीवर बसून डोळे पुसत होते. पोलिसानं त्यांच्या शेजारी बसून ह्यांचा जबाब लिहून घेतला.

पुढं कोर्टात दंड झाला. वाचवलेले पैसे त्यात गेले, वर आणखी पदरचे भरावे लागले. घरमालक ते द्यायला आले, तेव्हा ह्यांनी घेतले नाहीत.

कोर्टातून परत येताना मी म्हटलं, "सुटलो एकदाचे."

"दंडाचं काही नाही गं," हे म्हणाले. "तो माणूस चाकाखाली दिसेनासा झाला ना, तेव्हा माझ्या मनात आलं, ह्याच्याही घरी कुणी वाट बघत असेल. त्यांना मी काय दिलं असतं? ही मोटार विकूनही किती आले असते?"

त्यानंतर मोटार पुष्कळदा उभी राहिली, कधी टायरसाठी, कधी पेट्रोलला पैसे नव्हते म्हणून. विमा मात्र त्यांनी एकदाही तुटू दिला नाही. काटकसर त्यांनी दुसरीकडे केली, आणि तीत माझा चहाही आला. त्यावरून आमची भांडणं झाली ती वेगळीच.