नीताचं कुलूप

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत सोलरचं उद्घाटन होतं... आणि सेक्रेटरी म्हणून मी सकाळपासून नुसती मिरवत होते. कोपरखैरण्यातली आमची जुनी सात मजली बिल्डिंग, गच्चीवर नवीकोरी पॅनल्स, गेटला झेंडूचं तोरण. विचारू नका!

निवडणूक तोंडावर आलीय, त्यामुळे प्रभागातले उमेदवार साहेब स्वतः स्विच ऑन करायला येणार होते. त्यांचा बॅनर तर आमच्या गेटपेक्षा मोठा... 'प्रत्येक हाताला ग्रीन जॉब'. मला तेव्हा तो फार आवडलाही होता.

साहेब आले तेव्हा कामासाठी बिल्डिंगची लाइट बंद ठेवलेली. माइक मुका, लिफ्ट बंद, मीटररूममध्ये सगळ्यांना घामाच्या धारा. साहेबांना पुढे उलव्याला जायचं होतं, फोटोग्राफर तयार... फक्त मेन स्विच वर करायचा बाकी. आणि त्या स्विचला एक लाल कुलूप.

बाजूला फिटर म्हात्रे काका उभे. बोनकोड्याचे, पन्नाशी उलटलेले. अर्धं आयुष्य केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, ती बंद पडली तसे सोलरच्या कामात आले.

त्यांची एक पद्धत आहे. जो वायरींना हात लावणार, त्याने आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. काकांनी आपलं काढलं होतं. हे उरलेलं त्यांच्या जोडीला काम करणाऱ्या नीताचं.

"तिचा कुलूप हाय. ती येल तवा तीच काढल," काका एवढंच म्हणाले.

आता वरचं काम संपलंय असं काकांनीच मला सकाळी सांगितलेलं. नीता फक्त शेवटची नजर टाकायला गच्चीवर गेली होती, आणि फोन तिचा खाली पिशवीत! लिफ्ट बंद, सात मजले चढून तिला बोलवायला कुणी जाईना. कार्यकर्ते वैतागले. "ओ काका, साहेब थांबलेत, कळतंय का?" असं एक जण ओरडलाच. काका स्विचला पाठ लावून उभे राहिले.

आणि मग मी... हो, मीच... म्हणाले, "तोडा ना मग! नवीन घेऊन देते मी." कुणीतरी हातोडा आणायला धावलंसुद्धा. कपाळ माझं!

हातोडा आला. काका जागचे हलले नाहीत. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, काकांच्या खांद्यावर हात ठेवून हसले, मग नुसतीच फीत कापून फोटो काढून निघून गेले. मी इतकी चिडले होते की काकांकडे बघतही नव्हते.

थोड्या वेळाने नीता सात मजले उतरून धापा टाकत आली. खिशातून किल्ली काढत म्हणाली, "सॉरी हां मॅडम... एक स्क्रू ढिला दिसला म्हणून वायरींचा डबा परत उघडला. दोन्ही हात आत होते ना, मध्येच सोडून येता येईना." कुकरच्या दोन शिट्ट्या राहिल्या होत्या, अशा सुरात सांगत होती.

तिचे हात वायरींत, आणि मी खाली कुलूप तोडायला सांगत होते! तिथेच पायरीवर बसले मी.

ग्रीन जॉब, ग्रीन जॉब म्हणून आपण टाळ्या वाजवतो... मला वाटायचं, लॅपटॉपवाल्या पोरांचं काहीतरी नवीन असणार. तो जॉब तर कंपनीत घडलेल्या या हातांवर उभा आहे. आणि त्या एवढ्या मोठ्या बॅनरवर त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

सगळे गेल्यावर मी काकांना विचारलं, एवढी माणसं अंगावर आली, तुम्हाला भीती नाही वाटली? ते हत्यारं पिशवीत भरत होते. मान वर न करता म्हणाले...

"कंपनीत आमचा एक मानूस असाच गेला, मॅडम. सायबाला घाई होती. त्याचा कुलूप मीच तोडला होता."

मी हात जोडले. दुसरं काय करणार होते!