सुकं लुगडं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला सांगितलं नाही. मुलीला तर नाहीच — तिच्या लग्नासाठीच तर सगळं — पण थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं मी. गोष्ट पहिल्यापासून सांगावी एवढी तरी अक्कल हवी.

आम्ही पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आता घाणा नाही, आणि आम्हीही फारसे उरलो नाही. निम्मं गणगोत इस्राएलला गेलं. सणाला पनवेल, कळंबोली, खारघर मिळून तीस-चाळीस डोकी सिनेगॉगमध्ये जमतात. प्रार्थना हिब्रूत. ती पुष्कळांना पाठ आहे, कळते किती जणांना ते विचारू नका. म्हणून प्रार्थना संपली की मी मराठीतून एक गोष्ट वाचते. संदेष्ट्यांची, रब्बींची, वेश बदलून दारोदार फिरणाऱ्या एलियाहू हनावीची. पोरं शांत बसतात, म्हातारी माणसं डोळे मिटून ऐकतात. मग मलिद्याचं ताट फिरतं — भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं. लोक म्हणतात, बाईंनी वाचल्याशिवाय सण झाल्यासारखा वाटत नाही. मला ते ऐकायला आवडतं. फार आवडतं, हेही आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे.

माझ्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे, तिच्यातून मी वाचते. अक्षर माझं. वरती नाव माझं. गोष्टी मात्र सारामावशीच्या.

सारामावशी आमच्या शेजारी दोन घरं सोडून राहायची. तिचा नवरा मोझेसकाका एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ती मूळची कातकरी, डोंगरापायथ्याच्या वाडीवरची. तिथून वीटभट्टीच्या कामाला आली आणि मोझेसकाकांनी तिला पाहिलं. तेव्हा तिचं नाव पारू. लग्नाआधी वर्षभर ती सिनेगॉगच्या पायरीवर येऊन बसायची. आत येऊ द्यायचे नाहीत, पण सणाला मराठीतून कीर्तन असायचं, ते पायरीवर ऐकू यायचं. अक्षरओळख नव्हती तिला. एकदा ऐकलं की डोक्यात पक्कं. मी लहान होते, शाळेतून आले की तिच्याकडे पळायचे. ती वाल सोलत बसलेली असायची आणि सोलता सोलता सांगायची.

तिची एक गोष्ट मला सगळ्यांत जवळची. एका गावात शुक्रवारच्या संध्याकाळी मिठाची गोणी पाठीवर घेतलेला, धुळीने माखलेला माणूस येतो. पहिल्या दारात त्याला विचारतात, तू कोणाचा? दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तेच. त्याला काही सांगता येत नाही, दारं लागतात. चौथ्या दारात एक विधवा असते. घरात दिव्यापुरतं तेल. ती त्याला आत घेते. सकाळी तो गेलेला असतो आणि दिवा तसाच जळत असतो. तो एलियाहू असतो, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण सारामावशीचा सगळा जोर त्या विधवेवर. सोललेला वाल हातात तसाच धरून ती म्हणायची, "तिनं नाय इचारलं, कोणाचा तू. तिनं इचारलं, जेवलास का?"

आता मुद्द्यावर येते. म्हणजे — येणारच आहे.

आमच्यात आईवरून ठरतं. आई आमच्यातली तर मूल आमच्यातलं. बाहेरची बाई लग्न करून यायची असेल तर तिला रीतसर घ्यावं लागतं: वाहत्या पाण्यात पूर्ण बुडी, तीन जाणती माणसं साक्षीला, आणि नवीन नाव. शिवाय आमच्यात पूर्वी गोरे आणि काळे असे दोन भाग मानायचे. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. ज्याची आई किंवा आजी बाहेरची, रीतसर न घेतलेली, तो काळा. त्यांची पंगत वेगळी, ताट वेगळं. आता हे कुणी मोठ्याने बोलत नाही. लग्न जमवताना मात्र हळूच विचारतात.

आणि आमच्या घराबद्दल तशी एक कुजबुज होती. माझ्या वडिलांच्या आईबद्दल. खरी की खोटी, मला अजून माहीत नाही. लहानपणी कुणी कोपऱ्यात बोलायला लागलं की आई माझा हात धरून तिथून निघायची, एवढं माहीत आहे.

मोझेसकाका लवकर गेले. मुलगा दान्याल तेव्हा सहा-सात वर्षांचा. सारामावशी पुन्हा भट्टीवर जायला लागली. मग दान्याल मोठा झाला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेन चालवायला लागला, आणि दोघं तिकडेच राहायला गेली. सणाला यायची. ती बायकांत शेवटी बसायची, तो पुरुषांत शेवटच्या खुर्चीवर. मी वाचत असताना तिचे ओठ हलायचे. एखादा शब्द माझ्याकडून सुटला तर मला लगेच तिच्या चेहऱ्यावर कळायचं. मग घरी जाऊन वहीत दुरुस्त करायचं.

अकरा वर्षांपूर्वी ती गेली. सकाळीच, इस्पितळात. आमच्यात माती त्याच दिवशी द्यावी लागते. अकराच्या सुमाराला दान्याल सिनेगॉगच्या आवारात आला आणि म्हणाला, आईला बाबांच्या शेजारी ठेवायचंय. मोझेसकाकांच्या कबरीशेजारी एक जागा मोकळी होती. ती पस्तीस-चाळीस वर्षं दरवर्षी येऊन तिथलं गवत काढायची.

सिनेगॉगच्या मंडळातली माणसं तोवर सगळी नवी झाली होती. सेक्रेटरी मुंबईहून इकडे राहायला आलेले. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी विचारलं, हिला रीतसर घेतलं होतं का? दान्याल म्हणाला, हो, बाबा सांगायचे. कागद? कागद कुठले असणार, जुनी रजिस्टरं पुराच्या पाण्यात गेली. साक्षीदार? तिघेही केव्हाच मातीआड. मग कुणीतरी म्हणालं, बाईंना बोलवा, त्या इथल्या जुन्या, शेजारच्याच.

मला फोन आला तेव्हा मी मुलीच्या साखरपुड्याच्या याद्या करत होते. साखरपुडा तीन आठवड्यांवर. मुलगा कोणाचा? त्याच सेक्रेटरींचा.

रिक्षाने पोचायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी सगळा विचार केला, म्हणून नंतर स्वतःला असं सांगायचीही सोय राहिली नाही, की अचानक विचारलं आणि गोंधळले. मी बोलले तर पुढचा प्रश्न येणार, तुम्ही कशा होतात तिथे? तुमच्या आईचा यात काय संबंध? मग ही अशा बायकांची बाजू का घेते ही चर्चा, मग माझी आजी, मग ती कुजबुज, मग व्याह्यांचं घर. हे सगळं घडलंच असतं का? कोण जाणे. मी करून पाहिलं असतं तर कळलं असतं.

व्हरांड्यातल्या बाकावर चौघं बसले होते. दान्याल उभा. सेक्रेटरींनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि नीट, आदराने विचारलं, "बाई, या बाईंना कधी रीतसर घेतल्याचं तुम्हाला आठवतं का?"

दान्याल माझ्याकडे बघत होता. घाई नव्हती त्याच्या चेहऱ्यावर, उलट सुटल्यासारखा दिसत होता. बाई आल्या ना, आता झालं.

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

एवढंच. नाही म्हणाले नाही मी. 'घेतलं नव्हतं' असं म्हणायची हिंमतही नव्हती माझ्यात. असं काही बोलले की खोटं बोलल्याचं कुणाला सिद्ध करता येऊ नये. शाळेत पोरं गृहपाठाबद्दल हेच सांगायची आणि मी त्यांना बाकावर उभं करायचे.

त्यांनी तिला जागा दिली नाही. दान्याल भांडला नाही. टेम्पो करून आईला वाडीवर घेऊन गेला. तिथे तिच्या भावांनी, त्यांच्या पद्धतीने माती दिली. आमच्यात बाईमाणूस गेलं की आंघोळ घालायला ज्या चार बायका जातात, त्यांत मी असते. त्या दिवशी मी घरी गेले, हातपाय धुतले आणि जेवले. भूक लागली होती.

साखरपुडा छान झाला. लग्नही. मुलगी, जावई आता तिकडे इस्राएलला आहेत, व्याहीही त्यांच्याकडेच गेले. सगळी सुखात आहेत.

दान्याल यायचा थांबेल असं मला वाटलं होतं. खरं सांगू? थांबला असता तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण तो येत राहिला. एक गोष्ट मात्र बदलली. आई आमच्यातली नाही असं ठरलं, म्हणजे तोही नाही. आधी कुणी विचारत नव्हतं, आता सगळ्यांना माहीत होतं. आमच्यात दहा पुरुष पुरे झाल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही. दोन वर्षांपूर्वी एका सणाला नऊच भरले. दहावा ठाण्याहून निघाला होता आणि कळंबोलीच्या सर्कलला ट्रॅफिकमध्ये अडकला. तासभर सगळे थांबले. घड्याळ बघताहेत, फोन करताहेत. आणि शेवटच्या खुर्चीवर दान्याल बसलेला — डोक्यावर टोपी, हातात प्रार्थनेचं पुस्तक, उलटं नाही, सरळ धरलेलं. कुणाची नजर त्याच्यावर थांबत नव्हती. त्यानेच शेवटी उठून बाहेर जाऊन पाहिलं, ठाण्याची गाडी आली का ते.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठून चार पावलं टाकायची होती. दोन वाक्यं बोलायची होती. आता कुणाची भीती होती? मुलीचं लग्न होऊन नऊ वर्षं झालेली, नवरा गेलेला, व्याही समुद्रापार. कुणाचीच नाही. पण मग या पोराने — पोर कसला, पंचावन्नचा आहे तो — माझ्याकडे कसं पाहिलं असतं? आणि पुढच्या सणाला गोष्ट कुणी वाचली असती? हे असं आहे. पहिल्यांदा मुलीचं नाव तरी पुढे करता आलं, दुसऱ्यांदा तेही नव्हतं. गाडी आली, दहा झाले, प्रार्थना झाली. मग मी गोष्ट वाचली.

दरवर्षी मलिद्याच्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन हळूच सांगतो, बाई, ती मिठाच्या गोणीवाली वाचा ना, आईला आवडायची. मी वाचते. तू कोणाचा, तू कोणाचा, तू कोणाचा — तीनही दारं वाचते. आवाज कापत नाही. तुम्हाला वाटेल कापत असेल. नाही, सवय आहे मला. चांगलं वाचते मी.

यंदा मलिदा झाल्यावर बायका भांडी आवरत होत्या. त्यांच्यातली एक नवी, बोलघेवडी. दान्याल पलीकडे खुर्च्या लावत होता, तो ऐकतोय हे न बघता ती म्हणाली, त्या वेळी बाईंना काही आठवलं असतं तर या बिचाऱ्याचं काम झालं असतं. दान्यालने खुर्ची खाली ठेवली.

"बाईंना काय बोलू नका," तो म्हणाला. "आठवत नव्हतं तर आठवत नाय म्हनल्या. माज्यासाठी खोटं बोलल्या असत्या, तर आयलाच आवडलं नसतं."

मग खुर्च्या लावून झाल्यावर त्याने मला रिक्षापर्यंत सोडलं. माझी पिशवी त्याच्या हातात होती, निळी वही तिच्यातच. रिक्षावाल्याला सांगितलं, बाईंना सावकाश ने.

तर लिहून ठेवते.

मी नऊ वर्षांची होते. पावसाळा संपून महिना झाला होता, गाढी नदीला स्वच्छ पाणी होतं. सकाळची वेळ. काठावर तीन माणसं पाठ करून उभी होती: हझान, म्हणजे आमची प्रार्थना चालवणारे, दुसरे तेलाच्या दुकानाचे मालक, आणि तिसरे माझे वडील. पाण्यात तिच्याबरोबर माझी आई होती. पारूने तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला तिचे केस वर तरंगत राहिले, म्हणून आईने तिला पुन्हा बुडी मारायला लावली आणि ती हसली. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. आईने मोठ्याने सांगितलं, झालं. हझानांनी पाठ तशीच ठेवून आशीर्वाद म्हटला आणि नाव घेतलं: सारा. ती कुडकुडत वर आली. तिचं सुकं लुगडं माझ्या हातात होतं, हिरवं, बारीक काठाचं. ओलं होईल म्हणून मी ते छातीशी धरून ठेवलं होतं. घरी आल्यावर आईने तिला चहा दिला. त्या दिवसापर्यंत तिचा कप वेगळा असायचा, न्हाणीच्या कोनाड्यात उपडा. त्या दिवशी आईने तो कप बाहेर फेकून दिला आणि तिला आमच्यातल्या कपात चहा ओतला.

मी तिथे होते. मला सगळं आठवतं. त्या दिवशी व्हरांड्यातही आठवत होतं.